नसरीनचे फळ आणि बांधावरची बोर

आपल्या नातेवाइकांत नसरीन नावाची एखादी आपा, खाला किंवा भाची असतेच. फारसीत नसरीन म्हणजे रानगुलाब. बागेतला भरगच्च पाकळ्यांचा गुलाब नव्हे, तर डोंगरउतारावर आपोआप उगवणारा, पाचच पाकळ्यांचा साधा गुलाब. त्याचे फूल गळून गेले की देठाच्या टोकाला बोराएवढे लाल-नारिंगी फळ धरते. या फळाला इंग्रजीत रोजहिप म्हणतात. याच नावाने त्याची पूड, चहा, कॅप्सूल आणि चेहऱ्याला लावायचे तेल सध्या मोबाइलवर विकायला असते. 'संत्र्यापेक्षा कितीतरी पट जीवनसत्त्व', 'सांधेदुखीवर रामबाण', 'रक्त वाढवणारे' असे त्याखाली लिहिलेले असते. यवतमाळला लागून, दारव्हा रस्त्यावर असलेल्या लोहाऱ्यापर्यंत आता कुरिअर सहज पोचते. तेव्हा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या घरांतल्या बायकांनीही हे मागवावे का, हा प्रश्न खरा आहे. एका लहानशा डब्याला आठवड्याच्या भाजीपाल्याएवढे पैसे पडतात.

या फळाबद्दलचे सगळेच दावे खोटे नाहीत. म्हणून आधी त्यात खरोखर काय आहे ते पाहू.

रानगुलाबाच्या ताज्या १०० ग्रॅम फळांत सुमारे ४०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. जात, उंची आणि पिकण्याची वेळ यांप्रमाणे हा आकडा बराच खालीवर होतो, पण संत्र्याच्या तुलनेत तो कितीतरी जास्त, हे निश्चित. फळाचा लाल रंग येतो तो कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांमुळे. त्यांपैकी लायकोपिन हे टोमॅटोत असते, तर बीटा कॅरोटिन गाजरात असते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. याशिवाय पेक्टिन आहे, म्हणून या फळाचा मुरंबा चांगला आळतो. तुरट चव देणारी पॉलिफिनॉल द्रव्ये आहेत. आणि गॅलॅक्टोलिपिड नावाचा एक स्निग्ध घटक आहे, ज्याच्यावर डेन्मार्कमध्ये बरेच काम झाले. शरीरातली सूज कमी करण्याचा गुण त्याच्यात प्रयोगशाळेत दिसला.

सांधेदुखीचा दावा तिथूनच आला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश चाचणीत गुडघा किंवा कमरेचा सांधा झिजलेल्या ९४ रुग्णांना दररोज पाच ग्रॅम पूड तीन महिने दिली गेली, आणि तुलनेसाठी तितकेच महिने दिसायला तशीच, पण औषध नसलेली पूड. दुखणे काहीसे कमी झाले. पुढे अशा तीन चाचण्या एकत्र करून, म्हणजे सुमारे ३०० रुग्णांचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हाही फायदा दिसला, पण तो लहान होता. स्वीडनमध्ये ३१ लठ्ठ व्यक्तींना सहा आठवडे या पुडीचे पेय दिले असता रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल थोडे उतरले. थोडे म्हणजे तीन ते सहा टक्के. एवढाच काय तो पुरावा. कुणी याला 'रामबाण' म्हणत असेल तर तो विक्रेता आहे, हकीम नव्हे.

तुर्कस्तानात मात्र हे फळ औषध म्हणून नव्हे, घरातले खाणे म्हणून चालते. तिथे त्याला कुशबुर्नु म्हणतात, म्हणजे पक्ष्याचे नाक. त्याचा मुरंबा नाश्त्याला, आणि लाल आंबट चहा थंडीत. आपल्या देशात रानगुलाब आहे तो हिमालयात, काश्मीर-लडाखच्या बाजूला. सियाचिन हे नावसुद्धा त्याच्यावरूनच पडले आहे. बाल्टी भाषेत सिया म्हणजे रानगुलाब, आणि सियाचिन म्हणजे जिथे तो भरपूर उगवतो ती जागा. विदर्भाच्या उन्हात मात्र हे झाड तग धरत नाही. इथल्या अंगणातल्या गावठी गुलाबाला कधीमधी फळ धरते, पण फुलवाल्याकडच्या कलमी गुलाबावर इतकी फवारणी झालेली असते की त्याचे फळ तोंडात घालू नये. शिवाय रानगुलाबाच्या फळाच्या आत बियांभोवती बारीक, टोचरी लव असते. ती घशात गेली तर खाज सुटते. युरोपातली खोडकर पोरे तीच लव काढून वर्गातल्या मुलांच्या सदऱ्यात टाकत.

लढाईत गोळा केलेली फळे

क जीवनसत्त्वाची गोष्ट समुद्रावर सुरू होते. महिनोन् महिने जहाजावर वाळका पाव आणि खारवलेले मांस खाणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे मरत. हा स्कर्व्ही. १७४७ च्या मे महिन्यात जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी आठवड्याभरात उठून बसली. तरी इंग्रजी आरमाराने सगळ्या जहाजांना लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडले. लिंबात नेमके काय आहे हे कळायला आणखी सव्वाशे वर्षांहून जास्त लागली. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांनी ते द्रव्य वेगळे केले, आणि भरपूर प्रमाणात मिळवले ते तिथल्या लाल ढोबळ्या मिरचीतून. १९३७ चे नोबेल त्यांना मिळाले.

मग दुसरे महायुद्ध आले. जर्मन पाणबुड्यांमुळे इंग्लंडला संत्री पोचेनात. सरकारने शाळकरी मुलांना, बायकांना, स्काउटांना कुंपणावरची रानगुलाबाची फळे तोडायला लावले. पौंडाला काही पेन्स मिळत. १९४१ च्या एका हंगामात सुमारे २०० टन फळ गोळा झाले. त्याचे सरबत बाटल्यांत भरून लहान मुलांना चमच्याने पाजले गेले. परदेशातून येणारी वस्तू बंद झाली तेव्हा त्या लोकांनी आपल्या कुंपणाकडे पाहिले, हे मला या साऱ्या हकिकतीत महत्त्वाचे वाटते.

जवळपास त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १९३९-४० साली पंजाबातल्या हिस्सारला, म्हणजे आजच्या हरियाणात, दुष्काळ पडला आणि लोकांना स्कर्व्ही झाला. तिथे उपचारासाठी आवळा वापरला गेला आणि लोक बरे झाले.

आपल्याकडचे आंबट

यवतमाळ जिल्हा आपण कापसाचा म्हणून ओळखतो, पण तो सागवानी जंगलाचाही आहे. या रानातून चारोळी, टेंभरे, मोह, बेल, कवठ, सीताफळ येते, आणि थंडीत आवळा व बोर. रानगुलाबाच्या फळाशी तुलना करायची तर या शेवटच्या दोघांशी करावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात आवळ्यातले क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम दिलेले आहे. २०१७ च्या नव्या तक्त्यात ते सुमारे २५० आहे. आवळा बिघडला असे नाही. जात, हंगाम आणि मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो. आपण लहान आकडा धरू. एक मोठा कलमी आवळा तीस-चाळीस ग्रॅमचा असतो, म्हणजे त्यात पाऊणशे ते शंभर मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला ६५, पुरुषाला ८०, गरोदर बाईला ८० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५ मिलिग्रॅम लागते. एका आवळ्यात दिवसाचे काम भागले. रानातला आवळा लहान, पंधरा ग्रॅमच्या आसपास. तो दोन-तीन खावा.

पेरूही यात मागे नाही. जुन्या तक्त्यात त्याचा आकडा २१२ आहे. शेवग्याचा पाला २२०, कोथिंबीर १३५, हिरवी मिरची १११. बोर ७६, आणि संत्रे अवघे ३०. नागपूरच्या संत्र्यावर आपले प्रेम आहे आणि ते राहो, पण या एका बाबतीत रस्त्याकडेची बोरी त्याला मागे टाकते.

बोरीशी आपले नाते तसे जुने आहे. कुरआन शरीफमध्ये सिद्र म्हणून या कुळातल्या झाडाचा उल्लेख आला आहे. सिदरतुल मुंतहा हा शब्द तर मिअराजच्या संदर्भात लहान मुलांनाही ठाऊक असतो. मय्यतच्या गुसलच्या पाण्यात बोरीचा पाला घालायची पद्धत आपल्या गावोगावी आहे. म्हणजे या झाडाचा पाला आपण अखेरच्या दिवशी आठवणीने शोधून आणतो, आणि फळ मात्र 'खोकला होईल' म्हणून मुलांच्या हातातून काढून घेतो. बोराने खोकला होत नाही. न धुतलेल्या, मातीत पडलेल्या बोराने पोट बिघडू शकते, ही वेगळी गोष्ट. आणि अगदी लहान मुलाला बोर द्यायचे तर बी काढूनच, कारण ते घशात अडकते.

यूनानी हकिमांना हे सगळे ठाऊक होते, फक्त जीवनसत्त्व हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. सर्दी-खोकल्याच्या जोशांद्यात जे सुरकुतलेले लाल फळ असते ते उन्नाब, म्हणजे आपल्या बोराच्याच भावकीतले थंड मुलखातले बोर. जवारिश आमला पचनासाठी देतात. इत्रीफल हे औषध हलेला, बलेला आणि आमला या तिघांचे. हा शब्दच मुळात संस्कृतातल्या त्रिफळावरून अरबीत गेला आणि अरबीतून आपल्या हकिमांकडे परत आला. ज्ञानाला असा प्रवास करायला कुणाची परवानगी लागत नाही.

गुलाबाचा विषय निघालाच आहे तर गुलकंदाबद्दलही बोलले पाहिजे. गुल म्हणजे फूल, कंद म्हणजे साखर. तो पाकळ्यांचा असतो, फळाचा नाही. उन्हाळ्यात तो बरा वाटतो, बद्धकोष्ठात थोडा उपयोगी पडतो, पण क जीवनसत्त्वासाठी त्याच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. निम्म्याहून जास्त ती साखरच. आवळ्याच्या मुरंब्याचेही तसेच. टोचून, उकळून, पाकात मुरवताना जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो आणि साखर येते. मधुमेह असलेल्या अम्मींना 'औषधी आहे' म्हणून रोज सकाळी मुरंबा देणाऱ्या लेकी-सुनांनी याचा विचार करावा.

क जीवनसत्त्व नाजूक असते. ते पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेने नष्ट होते. फळ चिरून तासन् तास उघडे ठेवले, भाजी खूप उकळून पाणी फेकले, हरभरे मऊ व्हावेत म्हणून खाण्याचा सोडा घातला, की ते गेले. तांब्याच्या भांड्यात तर फार लवकर जाते. म्हणून आवळ्याचा रस तांब्याच्या लोट्यात ठेवू नये. याच कारणाने रोजहिपच्या चहात, वाळवून आणि उकळून झाल्यावर, ताज्या फळातले बरेच काही उरलेले नसते. पाकिटावर आकडा ताज्या फळाचा आणि कपात पाणी लाल, असा तो प्रकार.

गोश्त आहे, तरी रक्त कमी का?

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. जाहिरातीत 'रक्त वाढवणारे' लिहिलेले असते, आणि आपल्या बायका तिथेच थांबतात. कारण थकवा खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. पाच वर्षांखालच्या मुलांत तर तो जवळपास ६९ टक्के आहे.

आपल्यात एक समज आहे की आपण गोश्त खातो, त्यामुळे हा प्रश्न दुसऱ्यांचा. गोश्तमधले, विशेषतः कलेजीतले लोह शरीराला सहज मिळते, हे खरे. पण मजुरीवर चालणाऱ्या घरात गोश्त आठवड्यातून किती वेळा शिजते? आणि शिजले तरी दस्तरखानावर आधी कोण बसते? पुरुष, मग मुलगे, मग पाहुणे. शेवटी सालनाच्या तळाशी रस्सा उरतो तो सुनेच्या आणि वाढत्या वयाच्या मुलीच्या वाट्याला. महिन्याला रक्त जाते ते त्यांचेच. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. म्हणजे ज्याला कमी लागते त्याच्या ताटात जास्त, असा आपला हिशेब आहे.

मग तिला लोह मिळते ते ज्वारीच्या भाकरीतून, तुरीच्या वरणातून, पालेभाजीतून. या वनस्पतीतल्या लोहाचे स्वरूप असे असते की आतड्याला ते पटकन घेता येत नाही. क जीवनसत्त्व इथे कामाला येते. ते लोहाचे रूप बदलून त्याला विरघळलेले ठेवते आणि शोषण वाढवते. एकेका जेवणावर केलेल्या प्रयोगांत शोषण दुपटी-तिपटीने वाढलेले दिसले आहे. उलट चहातले टॅनिन लोहाला बांधून टाकते. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते.

आता आपल्या घरातली सकाळ पाहा. चहा आणि पाव, किंवा चहात बुडवलेली रात्रीची चपाती. दुपारी जेवण झाले की पुन्हा चहा. शाळेतून मुलीला मिळालेली लोहाची निळी गोळी किंवा दवाखान्यातून गरोदर सुनेला मिळालेली लाल गोळी 'मळमळते' म्हणून चहाबरोबर घेतली जाते. गोळी पोटात जाते, लोह फारसे अंगी लागत नाही. चहा सोडा असे मी म्हणत नाही. यवतमाळात तसे म्हणणाऱ्याचे कुणी ऐकणारही नाही. पण चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवा, आणि गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. वरण चुलीवरून उतरल्यावर त्यात लिंबू पिळा. भाकरीबरोबर आवळा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांची कच्ची चटणी वाटा. पालक, मेथी लोखंडी कढईत करा, मात्र आवळा त्या कढईत घालू नका, तो काळा पडतो. त्याच रंगाने केस काळे करायची जुनी युक्ती निघाली.

रमजानमध्ये इफ्तारला खजूर असतो. ती सुन्नत आहे, आणि दिवसभराच्या उपाशी शरीराला त्यातली साखर लगेच मिळते. पण 'खजुराने रक्त वाढते' हे जेवढे सांगितले जाते तेवढे नाही. मऊ खजुराच्या १०० ग्रॅममध्ये लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास असते. इफ्तारच्या ताटात पेरूच्या फोडी किंवा मोड आलेल्या हरभऱ्यांवर पिळलेले लिंबू असेल तर जास्त फायदा. सहेरीनंतर लगेच घेतलेला कडक चहा मात्र सहेरीतल्या लोहावर पाणी फिरवतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. हिमोग्लोबिन फार खाली गेले असेल तर आवळ्याने ते वर येत नाही, रोजहिपनेही नाही. त्याला गोळ्या लागतात, कधी इंजेक्शन लागते, आणि कारण शोधावे लागते. जंत असू शकतात, पाळीचा जास्त रक्तस्राव असू शकतो, बी-१२ ची कमतरता असू शकते. विदर्भात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सिकलसेल. यात रक्त कमी दिसते ते तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन लवकर फुटतात म्हणून. अशा रुग्णाने किंवा थॅलेसेमियाच्या मुलाने तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या आणि क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेऊ नयेत, कारण शरीरात लोह साठून यकृत आणि हृदय बिघडते. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. निकाहाआधी मुलगा-मुलगी दोघांची ती करून घेतली तर उत्तम. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. देण्याघेण्याच्या बैठका चार-चार होतात, त्यात या तपासणीसाठी एक सकाळ निघू शकते.

मूतखड्याचा त्रास असलेल्यांनीही क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या टाळाव्यात. फळातून मिळते तेवढ्याची भीती नाही. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना रोज पेलाभर आवळ्याचा रस सुरू करायचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

जाता जाता शेळीची गोष्ट. शेळी बोरीचा पाला आवडीने खाते, पण क जीवनसत्त्वासाठी तिला त्याची गरज नसते. ते तिचे शरीर स्वतःच बनवते. गाय, कुत्रा, मांजर यांचेही तसेच. माणूस, माकड आणि गिनीपिग अशा थोड्याच प्राण्यांना ते रोज बाहेरून घ्यावे लागते, आणि शरीरात फार दिवस साठवताही येत नाही.

म्हणून हंगाम पाहून चालावे. आवळा नोव्हेंबर-डिसेंबरपासून येतो, बोरे संक्रांतीच्या सुमारास भरात असतात आणि फेब्रुवारी सरता सरता संपतात. जास्तीचे आवळे किसून, मीठ लावून, पातळ कपड्याखाली सावलीत वाळवावेत. कडक उन्हात वाळवले तर नुकसान जास्त. बरणी कोरडी असावी, काचेची किंवा चिनी मातीची. बोरे धुऊन वाळवली की कुटून बोरकूट होते, मुलांच्या डब्यात चिमूटभर मीठ-तिखटासह देता येते. मार्चनंतर पेरू कमी होतो, तेव्हा लिंबू, कोथिंबीर आणि शेवग्याचा पाला. शेवगा तर कुणाच्याही परसात मुकाट उभा असतो. आवळे-बोरे टोपलीत घेऊन बसलेल्या रानाकडच्या बायकांशी भाव करताना एवढे लक्षात ठेवावे की त्याच वजनाच्या रोजहिपच्या पुडीला आपण मोबाइलवर शेकडो रुपये न बोलता देतो.